बनावट अँटीस्पायवेअर काढताना या चुका टाळा

‘तुमच्या संगणकात 42 धोकादायक स्पायवेअर सापडले. ताबडतोब काढा.’ लाल पट्टी, कर्कश आवाज, उलटी मोजणी आणि मधोमध एक मोठं बटण. असा इशारा बहुधा खोटा असतो: स्पायवेअर (गुपचूप माहिती चोरणारा प्रोग्रॅम) काढून देण्याच्या नावाखाली पैसे उकळण्याचा हा सापळा, म्हणजेच बनावट अँटीस्पायवेअर. अशा वेळी बहुतेक जण लगेच काहीतरी दाबतात, काहीतरी डाउनलोड करतात किंवा संगणक उचलून दुकानात नेतात. हा इशारा नेमका कुठून येतोय, हे आधी पाहायचं राहून जातं. तो तीन ठिकाणांहून येऊ शकतो: ब्राउझरमधलं वेबपान, ब्राउझरची नोटिफिकेशन किंवा संगणकात खरोखर बसलेला प्रोग्रॅम. तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

खिडकीतलंच ‘कॅन्सल’ दाबणं

वेबपानावरची खिडकी बऱ्याचदा नुसतं चित्र असते. तिच्यावरचं ‘कॅन्सल’ आणि कोपऱ्यातली फुलीसुद्धा त्याच चित्राचा भाग असल्याने कुठेही क्लिक केलं तरी डाउनलोड किंवा पुढचं पान सुरू होतं. म्हणून त्या खिडकीतलं काहीच दाबू नका. पान पूर्ण स्क्रीनभर पसरलं असेल तर एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरा. तरी सुटका झाली नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो ‘रीस्टोअर पेजेस’ विचारेल, त्याला नकार द्या. होकार दिला तर तेच पान परत येतं.

एवढ्याने इशारा गेला आणि काही डाउनलोड झालेलं नसेल, तर संगणक बहुधा ठीक आहे. वेबपानाला तुमची हार्ड डिस्क तपासताच येत नाही. त्यावर दिसणारं शहराचं आणि इंटरनेट कंपनीचं नाव तुमच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून) कळतं आणि तो पत्ता प्रत्येक संकेतस्थळाला मिळतोच. पानावर फोन नंबर असेल तर शंकेला जागाच उरत नाही, कारण मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

नोटिफिकेशनला व्हायरस समजून फॉरमॅट मारणं

‘तुमचं संरक्षण संपलं’ असे चौकोन उजव्या कोपऱ्यात खाली सतत येत असतील, तर त्यांवर बारीक अक्षरांत क्रोम किंवा एज आणि एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता दिसतो का, ते पाहा. कधीतरी ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं सांगून ही परवानगी घेतलेली असते. ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहत असल्यामुळे खिडकी उघडी नसतानाही हे चौकोन येतात आणि संगणकात काहीतरी बसलंय असा समज होतो.

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि परवानगी मिळालेल्या यादीतले अनोळखी पत्ते काढून टाका. एजमध्ये हीच यादी साइट परमिशन्समध्ये असते. दोन मिनिटांचं काम आहे. यासाठी फॉरमॅट मारून घरातले फोटो आणि कागदपत्रं पणाला लावण्याची काहीच गरज नाही.

आयकॉन डिलीट केला म्हणजे प्रोग्रॅम गेला असं समजणं

संगणक पुन्हा सुरू केल्यावर, ब्राउझर न उघडताही इशारा येत असेल, तर प्रोग्रॅम बसलेला आहे. त्याची ओळख अवघड नसते. संपूर्ण तपासणी काही सेकंदांत आटोपते, तर खऱ्या फुल स्कॅनला बऱ्याचदा तासाहून जास्त लागतो. सापडलेल्या फायली सांगितलेल्या जागी शोधल्या तर अनेकदा तिथे नसतातच. आणि काढण्यासाठी आधी पैसे मागितले जातात.

आता क्रम पाळा. पुढची नावं विंडोज 11 मधली आहेत.

1. वायफाय बंद करा किंवा नेटची केबल काढा.
2. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स इथली यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशीचे अनोळखी प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा.
3. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये संशयास्पद नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ पाहा, मग ते डिसेबल करा. अ‍ॅपडेटा किंवा प्रोग्रॅमडेटा फोल्डरात अर्थहीन अक्षरांच्या नावाने बसलेली फाइल बहुधा गुन्हेगार असते. पण अ‍ॅपडेटामध्ये अनेक चांगले प्रोग्रॅमही राहतात, म्हणून आख्खा फोल्डर उडवू नका.
4. टास्क शेड्यूलर उघडून तीच फाइल ठरावीक वेळी चालवणारं काम आहे का ते बघा. काढलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी परत उगवण्याचं हे नेहमीचं कारण.

प्रोग्रॅम दादच देत नसेल तर सेफ मोड वापरा, त्यात विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू होते. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि शेवटी 4 ची कळ. इथे दोन अडचणी येतात. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का, हे आधीच दुसऱ्या उपकरणावरून पाहून लिहून ठेवा. दुसरी अडचण अनइन्स्टॉलची. विंडोज इन्स्टॉलर सेवा सेफ मोडमध्ये साधारणपणे चालत नाही, त्यामुळे काही प्रोग्रॅम तिथून निघत नाहीत. सेफ मोडमध्ये संशयित फोल्डरचं नाव बदला, नेहमीच्या मोडमध्ये परत या आणि मग अनइन्स्टॉल करा.

घाबरून आणखी एक अँटीव्हायरस टाकणं

शोधयंत्रात ‘स्पायवेअर रिमूव्हर’ टाइप केलं की वर जाहिराती येतात आणि एका बनावटीतून दुसरीत सापडण्याची भीती असते. विंडोजसोबत येणारा डिफेंडर सहसा पुरतो. पण तपासणीआधी विंडोज सिक्युरिटीत ‘एक्स्क्लुजन्स’ची यादी उघडा. घुसखोर प्रोग्रॅम अनेकदा स्वतःचं फोल्डर या यादीत घालतो आणि डिफेंडर तिकडे पाहतच नाही. तुम्ही स्वतः घातलेलं नसेल ते काढून टाका.

आता नेट जोडून डिफेंडर अपडेट करा आणि स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन निवडा. उघडं काम सेव्ह करा, कारण संगणक लगेच रीस्टार्ट होतो. साधारण 15 मिनिटं लागतात. विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्यामुळे लपलेल्या प्रोग्रॅमला आडवं येता येत नाही. निकाल ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त दिसतो. दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर चांगला, पण तो डाउनलोड केल्यापासून 10 दिवसच चालतो, दर वेळी नवा घ्यावा लागतो.

सफाईनंतर नेट चालत नसेल तर घाबरू नका. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी इथे 127.0.0.1 असा पत्ता, म्हणजे याच संगणकाचा, घुसखोर प्रोग्रॅमने घातलेला उरला असेल. मॅन्युअल प्रॉक्सी बंद करा. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्सही (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) याच वेळी काढा.

‘एकदाचे पैसे भरून मोकळं होऊ’ असं म्हणणं

हा धंदा जुना आहे. विनफिक्सर, एक्सपी अँटीव्हायरस अशा नावांनी तो इतका वाढला की डिसेंबर 2008 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) न्यायालयात जाऊन या नावांमागचा कारभार थांबवला. 10 लाखांहून जास्त ग्राहक फसले होते आणि प्रत्येकाकडून 39.95 डॉलर किंवा त्याहून जास्त घेतले होते. 2012 मध्ये त्याच प्रकरणात 16.3 कोटी डॉलरचा निकाल लागला. मॅकवाल्यांनाही सूट नाही. 2011 मध्ये मॅक डिफेंडर नावाचा असाच बनावट प्रोग्रॅम पसरला होता. पैसे भरून इशारे थांबले तरी तुमचं कार्ड त्यांच्या हाती गेलेलं असतं.

पैसे गेलेच असतील तर बँकेला लगेच फोन करून कार्ड बंद करा आणि तो व्यवहार नाकारल्याची तक्रार नोंदवा. यूपीआय अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’त नवी मंजुरी दिसली तर रद्द करा. भारतात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार द्या. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

इशाऱ्यातल्या नंबरवर फोन लावून तिथल्या माणसाला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरमधून संगणक हाताळू दिला असेल, तर मात्र वरची सफाई पुरेशी मानू नका. नेट तोडा, फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, प्रोग्रॅमच्या फायली घेऊ नका आणि ‘रीसेट धिस पीसी’मधलं ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ वापरा. पासवर्ड या संगणकावरून बदलू नका. फोनवरून बदला, आधी ईमेलचा आणि मग बँकेचा, कारण ईमेल ज्याच्या हाती त्याला बाकीचे बरेच पासवर्ड रीसेट करता येतात.