गाडी धुताना या चुका टाळा

जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत श्रावणात एक फेरी मारून आलं की गाडीचा रंग कोणता होता ते आरसी बुकात बघावं लागतं. मडगार्डच्या आत, इंजिनच्या पट्ट्यांत, चेनकव्हरखाली सगळीकडं तांबडी माती. बैलहोंगलकडच्यांचं दुखणं वेगळं, तिकडची काळी माती वाळली की खरवडावीच लागते. निपाणी-चिकोडीत गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागं धूळ खात जायचं. गाडी धुवावी लागतेच. पण माझ्या गाडीचं मातीनं केलं त्याहून जास्त नुकसान मी पाण्यानं केलंय, म्हणून हे लिहायला बसलो.

चोर्ला घाटातून आलो होतो. इंजिन तापलेलं. रेनकोट काढायच्या आधीच शेजारच्या काकांचा फवारणीचा एचटीपी पंप लावून घेतला. काय ते प्रेशर! पाच मिनिटांत गाडी लख्ख. सकाळी कामाला निघालो तर स्टार्टर नुसता घरघरतोय, गाडी काही पकडत नाही. मेस्त्रीनं आल्या आल्या विचारलं, "पाइप कुठं कुठं मारलासा ओ?" मग प्लगची टोपी ओढली, उलटी धरून झटकली, तर त्याच्या तळहातावर दोन थेंब पडले. प्लग बसतो त्या खड्ड्यातलं पाणी निघून जायला बऱ्याच इंजिनांना बारीक भोक असतं. माझ्या इंजिनाचं ते भोक मातीनं बुजलेलं, त्यामुळं खड्ड्यात तळं साचलेलं. तारेनं भोक मोकळं केलं, टोपी पुसून वाळवली आणि दुसऱ्या सेल्फला गाडी चालू.

तेवढ्यावर भागलं असं वाटलं होतं. दीड महिन्यानं पुढच्या चाकातून गुरगुर यायला लागली. बेरिंग काढलं तर ग्रीसच्या जागी दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी. बेरिंगचं सील पावसाचे शिंतोडे अडवतं, पण जवळून मारलेली धार नाही अडवू शकत. म्हणून चाकाचा मधला भाग, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेरिंग), मागच्या स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा सांधा, स्विच, मीटर, हॉर्न आणि सायलेन्सरचं तोंड, इथं प्रेशर नकोच. सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, आणि गाडी चालू करायच्या आधी ती आठवणीनं काढा. घरी बादली, मग्गा आणि बागेचा साधा पाइप पुरतो. एचटीपीच्या पाइपात उरलेलं औषध अंगावर उडतं ते वेगळंच.

तापलेल्या गाडीवर पाणी ओतायची घाई नको. अर्धा तास थांबा, इंजिनवर हात ठेवून धरता आला पाहिजे. गरम सायलेन्सरवर साबण तिथल्या तिथं वाळतो आणि डाग राहतात, तापलेली डिस्क एकदम थंड झाली तर वाकायची भीती. उन्हातही धुवू नका.

कोरडं फडकं आणि कपड्याची पावडर

सकाळी सीटखालून फडकं काढायचं आणि टाकीवरची धूळ खसाखसा पुसायची, ही सवय जवळपास सगळ्यांना. त्या धुळीत बारीक वाळू असते. टाकीवर ट्यूबलाइटचा उजेड तिरपा पडू द्या, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील. आधी नुसतं पाणी सोडून माती दहा मिनिटं भिजू द्या, ती आपसूक सुटते. मग वरून खाली या. चाकं आणि इंजिन शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं. मडगार्डच्या आत हात घालून माती काढा. तिथली ओली माती पत्रा खाते, आणि इंजिनच्या पट्ट्यांत अडकली तर इंजिनाला हवा लागत नाही, ते जास्त तापतं.

पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपांवर माती वाळू देऊ नका. शॉकअप खालीवर होतो तेव्हा ती वाळलेली माती ऑइल सीलला घासते, आणि एक दिवस पाइपावर तेलाची रेघ दिसते. ओल्या फडक्यानं पुसायला अर्धं मिनिट लागतं, सील बदलायला अख्खा दिवस जातो.

कपड्याची पावडर नको. ती रंगावरची पॉलिश उतरवते, ॲल्युमिनियम पांढुरकं करते. गाडीचा शॅम्पू घ्या, झाकणभर पुरतो. बोअरचं पाणी जड असेल तर पाणी वाळायच्या आधी पुसून घ्या, नाहीतर पांढरे ठिपके उमटतात. मॅट रंगाला पॉलिश लावू नका, मधेच चमकणारे पट्टे पडतात. आणि इंजिन चमकवायला डिझेल मारायची ती जुनी रीत सोडा. त्यावर धूळ चिकटते, रबरं फुगतात, आणि एखादा थेंब ब्रेकवर गेला तर मग बघायलाच नको.

चेन

धुतलेल्या चेनला तेल न लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन दिवसांत कड्या तांबूस होतात. चेन साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश नको, ओ-रिंगची, म्हणजे कड्यांत रबराच्या बारीक रिंगा असलेली चेन असेल तर त्या रिंगा खराब होतात. पुसून कोरडी केली की ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे, तोही चेनच्या आतल्या बाजूला, मागचं चाक हातानं फिरवत. इंजिन बंद असू द्या! गाडी गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडकं लावणाऱ्यांची बोटं गेली आहेत. डब्ल्यूडी-४० मारलं म्हणजे झालं असंही नाही, ते साफ करायला ठीक, पण फार टिकत नाही. इंजिनचं जुनं जळकं ऑइल तर नकोच, त्यात धातूचा कीस असतो. जास्तीचं तेल पुसून घ्या, नाहीतर टायरवर उडतं. टायरवरून आठवलं, टायर पॉलिश बाजूला लावायची असते, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला नाही.

धुऊन झालं की दहा मिनिटं गाडी फिरवून आणा. वाटेत ब्रेक हलके हलके दाबा म्हणजे डिस्क आणि ड्रम कोरडे होतात, पहिला ब्रेक जरा कमी लागेल हे धरून चाला. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. आत वाफ कोंडते आणि नटबोल्ट गंजतात.

खंडेनवमीला मात्र आपण सगळेच चुकतो. गाडी धुतो, ओल्या टाकीवर हळद-कुंकू लावतो, नारळाचं पाणी ओततो आणि दोन दिवस तसंच ठेवतो. डाग राहतात. पूजा मनासारखी करा, पण टाकी कोरडी असू द्या आणि संध्याकाळी पुसून घ्या. हाराचा दोरा चाकात किंवा हँडलच्या वायरींत जाणार नाही एवढं बघा.

धुतल्यावर गाडी चालू होते पण झटके देते, असं असेल तर टाकीचं झाकण उघडा. झाकणाखाली पावसाचं पाणी बाहेर जायला भोक असतं, त्याची नळी खाली निघते. ती बुजली की पाणी टाकीत उतरतं. आताच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. तेच इंजिनात जातं. सारखा सेल्फ मारून बॅटरी उतरवू नका. टाकी रिकामी करून घ्या, आणि नवीन पेट्रोल ओतायच्या आधी त्या नळीत हवा मारून घ्या.