टाकीतलं पाणी रात्री जातं कुठं?

खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं आज किती उरलंय, हे पुण्यात चहाच्या टपरीवरही कळतं. आपल्याच गच्चीवरच्या टाकीतून रात्रीत किती सेंटिमीटर गेलं, हे मात्र सोसायटीत विचारून बघा! टँकर वाढवण्याआधी एक रात्र मोजमाप करा.

वेळ रात्री दीड ते साडेचार. दोघांनी जावं. पंप बंद करा आणि ऑटो लेव्हल कंट्रोलरही, नाहीतर मध्येच पंप सुरू होऊन सगळी मेहनत वाया जाते. स्टीलच्या टेपला खडू घासा, झाकणाच्या कडेवर खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप तळापर्यंत सोडा. खडू ओला झाला तिथपर्यंत पाणी. दर अर्ध्या तासाला आकडा लिहा. कुणी उठून फ्लश केला तर आकडा मध्येच जास्त उतरतो. गळती दर वेळी तेवढीच उतरते. म्हणून सगळ्यात कमी उतार धरायचा.

टाकी आतून ३ बाय २ मीटर असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. त्या सगळ्यात कमी उताराच्या हिशेबाने ३ तासांत ४ सेंटिमीटर गेले, तर तासाला ८० लिटर, महिन्याला ५७,६०० लिटर. दहा हजारी टँकर जवळपास सहा! पिण्याची आणि फ्लशची टाकी वेगळी असेल तर दोन्ही मोजा. चोर बहुधा फ्लशच्या टाकीकडेच सापडतो.

आता लाइन शोधा. टाकीतून खाली घरांकडे जाणाऱ्या पाइपांचे, म्हणजे डाउनटेकचे, व्हॉल्व्ह एकेक करून अर्धा तास बंद ठेवा. ज्यामुळे उतार थांबतो ती लाइन दोषी. वर्षानुवर्षं न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह जोर लावून फिरवू नका, आतला दांडा (स्पिंडल) तुटतो. पाव फेरा पुढे, पाव मागे, असा सोडवत न्या. कधी तळात बसलेल्या गाळामुळे तो पूर्ण बंदच होत नाही आणि निष्कर्ष चुकतो. असा असेल तर बदलून बॉल व्हॉल्व्ह टाका. सगळे बंद करूनही पाणी उतरत असेल, तर वॉशआउटच्या (टाकी धुताना पाणी सोडायच्या पाइपाच्या) तोंडाखाली हात धरून बघा. तिथं कोरडं असेल तर टाकीच्या भिंती तपासा.

त्या लाइनवरच्या प्रत्येक घरात फ्लशच्या टाकीत चिमूटभर जिलबीचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर आधी फ्लशच्या टाकीतली पातळी बघा. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाला टेकलं असेल तर दोष पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटचा. तो खाली घ्या, पातळी नळीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली हवी. पातळी बरोबर असेल तर तळाचं रबरी सील गळतंय. बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यावर बसतात, मग ते नीट टेकत नाही. तासभर व्हिनेगरमध्ये ठेवून घासा; रबर फुगलं किंवा कडक झालं असेल तर सरळ बदला. दुरुस्तीनंतर पुन्हा एक रात्र टेप सोडायचा.

एक गळती मात्र या मोजमापात सापडत नाही: पंप चालू असताना बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह, नीट न बसल्याने होणारी. ती दिवसा बघा. गच्चीवर ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली भर उन्हाळ्यात हिरवं शेवाळ दिसलं, की बॉलकॉक बदलायला झाला.