पेजरला हात लावण्याआधी: रविवारची तयारी

रविवारी सकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत बसायचं ठरलंय, तेव्हा आधी काय काय उरकून यायचं ते एकदाच लिहून टाकतो. काम एवढंच, एसईएल४ या मायक्रोकर्नलवरचा (म्हणजे मोजकीच कामं स्वतःकडं ठेवणाऱ्या छोट्या कर्नलवरचा) आपला पेजर, म्हणजे लागतील तशी मेमरीची पानं जोडून देणारा प्रोग्राम, वेगवान करायचा. अजून न जोडलेल्या पानाला हात लागला की पेज फॉल्ट होतो. मायक्रोकर्नल तो स्वतः निस्तरत नाही. तो पेजरला निरोप धाडतो, पेजर फ्रेम (खऱ्या मेमरीचा तुकडा) जोडून उत्तर देतो, मग कुठं अडकलेला थ्रेड पुढं सरकतो. १९८० च्या दशकात माक या मायक्रोकर्नलनं पेजर असा कर्नलबाहेर काढला आणि निरोपांची ये-जा महागात पडली. पुढच्या दशकात योखेन लीड्के या संशोधकानं आपल्या एल४ मायक्रोकर्नलमधून ती स्वस्त करून दाखवली. त्यामुळं ‘मायक्रोकर्नल आहे, हळूच चालणार’ ही सबब कुणी काढायची नाही.

मशीन म्हणून जुना डेस्कटॉप घेऊ, मागं नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असलेला, छपाई त्यातूनच दुसऱ्या पीसीवर घ्यायची. लॅपटॉप नको. पावसाचे दिवस आहेत, लाइट गेली की तो बॅटरीवर जातो, प्रोसेसरचा वेग उतरतो आणि सकाळच्या आकड्यांचा दुपारच्या आकड्यांशी मेळ बसत नाही. डेस्कटॉपला यूपीएस लावा, बायोसमध्ये टर्बो (प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारी सोय) बंद करा. क्यूएमूवर (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) कोड बरोबर चालतो का एवढंच बघा, वेळ मोजू नका. सिरियल केबल क्रॉसवाली आणा, साध्या केबलीनं दोन पीसी एकमेकांशी बोलत नाहीत.

बिल्ड करताना डीबग आणि छपाई दोन्ही बंद. हे मी उगाच सांगत नाही. १,१५,२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. मोजणीच्या लूपमध्ये एक ओळ छापली तरी आपण पेजर सोडून सिरियल पोर्टच मोजत बसणार. आकडे ॲरेत साठवा, शेवटी एकदम छापा.

चाचणीचा प्रोग्राम घरूनच लिहून या. ६४ एमबी जागा घ्या, दर ४ केबीला एक बाइट लिहा, म्हणजे १६,३८४ फॉल्ट होतील. एकदा ओळीनं, एकदा उलटसुलट क्रमानं. फॉल्टचा एकूण वेळ आणि त्यातला पेजरच्या आतला वेळ वेगवेगळा हवा, नाहीतर दुखणं कुठं आहे ते कळणारच नाही. नुसती सरासरी चालणार नाही, मधला आणि सर्वांत वाईट आकडाही लागेल.

पेजरचा स्वतःचा कोड, स्टॅक, डेटा सुरुवातीलाच मॅप झालेला, म्हणजे मेमरीला जोडलेला पाहिजे. त्यालाच फॉल्ट आला तर उत्तर कोण देणार? त्याची प्रायॉरिटी ग्राहक थ्रेडपेक्षा वर ठेवा आणि दोघं एकाच कोअरवर. ४ केबीच्या पानांसाठी पेज टेबलंही (कुठलं पान कुठल्या फ्रेमला जोडलंय त्याच्या याद्या) आधीच जोडा. एक टेबल २ एमबी सांभाळतं, म्हणजे ३२ पुरतात.

आता खरी सुधारणा. वाटी-वाटीनं रस्सा मागण्यापेक्षा किटलीच टेबलावर घ्यावी, तसं एका फॉल्टला शेजारची मिळून १६ पानं जोडायची. फॉल्ट १,०२४ वर येतात. पण इथं एक गोम आहे. एसईएल४ मध्ये प्रत्येक फ्रेम वेगळ्या कॉलनं मॅप होते, म्हणून निरोप घटतात, मॅपिंगचे कॉल तेवढेच राहतात. त्यात थोड्याच पानांना हात लागणार असेल, तर उरलेली फुकट जोडली जातात. २ एमबीची मोठी पानं घेतली तर फॉल्ट फक्त ३२, माझा कल तिकडंच आहे. मात्र अनटाइप्ड (अजून कशालाही न वाटलेल्या) मेमरीतून मोठ्या फ्रेम आधी कापून घ्या, छोट्या नंतर. आधी छोट्यांनी जागा चिरली की सलग २ एमबी मिळायची मारामार होते.

फ्रेम परत वापरणार असाल तर ती पेजरनंच शून्यानं भरायची, नाहीतर एका प्रोसेसचा डेटा दुसरीला दिसेल. हे काम रिकाम्या वेळात करून फ्रेमचा साठा तयार ठेवा.

एका वेळी एकच बदल, प्रत्येकाची गिट ब्रँच वेगळी. येताना बिल्डची कॉन्फिग फाइलही आणा. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीपासून बचावाची सोय एकाकडं चालू आणि दुसऱ्याकडं बंद असेल, तर दोघांचे आकडे शेजारी मांडू नका.