मॅक्रो लिहिता? मग तो एका झटक्यात मागेही घेता आला पाहिजे

यवतमाळकडच्या तालुक्यांत टायपिंग शिकलेल्या पोरांना पहिलं काम मिळतं ते बहुधा तहसीलजवळच्या दुकानात. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, वाटणीपत्राचा मसुदा. वेग काय, सरावाने येतोच. मालक टिकवतो मॅक्रो, म्हणजे पुन्हा पुन्हा करायची कामं एका दमात उरकणारा छोटा प्रोग्राम, लिहिणाऱ्याला, असं माझं मत.

सगळ्यात जास्त लागणारा मॅक्रो म्हणजे इंग्रजी आकडे मराठी करणारा. गट नंबर, हेक्टर-आर, चतुःसीमा, आकडेच आकडे! वर्डच्या मॅक्रो एडिटरमध्ये देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून अक्षर युनिकोड क्रमांकाने (प्रत्येक अक्षराचा संगणकातला ठरलेला क्रमांक) द्यावं लागतं: ० चा २४०६, तिथून ओळीने ९ चा २४१५. एकेका आकड्यासाठी एक 'रिप्लेस ऑल', म्हणजे एकूण दहा.

खरी गोम इथेच आहे. मॅक्रो चालला एकदा, पण अनडूच्या, म्हणजे केलेलं मागे घ्यायच्या, यादीत नोंदी दहा. तेवढ्यात पक्षकार म्हणतो, "भाऊ, आधार नंबर इंग्रजीतच राहू द्या ना." मग दाबा कंट्रोल-झेड. समोर माणूस उभा, मोजणी चुकतेच. एक कमी पडला तर सगळे शून्य मराठीच राहतात, कारण आधी बदललेलं शेवटी मागे येतं. एक जास्त झाला तर आधी टाइप केलेलंही जातं.

वर्ड २०१० पासून यावर मॅक्रोत वापरायची 'अनडूरेकॉर्ड' ही सोय आहे. मॅक्रोच्या सुरुवातीला त्याचं 'स्टार्टकस्टमरेकॉर्ड' लिहून नाव द्यायचं (रोमन लिपीत, कारण वर सांगितलंच), शेवटी 'एंडकस्टमरेकॉर्ड'. मधलं सगळं यादीत त्या नावाची एकच नोंद होऊन बसतं, अन् एका कंट्रोल-झेडमध्ये परत येतं. मॅक्रो मध्येच अडला तरी शेवटच्या ओळीपर्यंत पोचेल अशी 'ऑन एरर'ची सोय करा. नवखे हेच विसरतात.

वर्डऐवजी लिबरऑफिस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असेल तर तिथे याच कामाला दस्तऐवजाचा 'अनडूमॅनेजर' असतो: 'एंटरअनडूकॉन्टेक्स्ट' अन् 'लीव्हअनडूकॉन्टेक्स्ट'. इथे मात्र उघडलेलं बंद केलंच पाहिजे, नाहीतर अनडूच अडून बसतं. देवनागरी तिथल्या एडिटरमध्ये थेट चालते, ही मोठी सोय.

प्रिंट काढणं, फाइल सेव्ह करणं मात्र या गठ्ठ्यात येत नाही. फाइल बंद केली की अनडूची यादीही गेली. म्हणून जुन्या खरेदीखतावर मॅक्रो चालवायचा असेल तर आधी 'सेव्ह ॲज' करून घ्या, मग पक्षकाराला खुर्ची द्या.