शुगर बॉर्डरवर आली? भात बंद करण्याआधी ताट मोजा

डॉक्टरांनी ‘शुगर बॉर्डरवर आहे’ म्हटलं की घरात पहिला बळी जातो भाताचा. त्याच्या जागी ज्वारीची भाकरी येते, साखरेऐवजी गूळ येतो, सकाळी उठून मेथ्यांचं पाणी पिणं सुरू होतं. तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला की आकडा जिथल्या तिथे. मग ‘आमच्याकडे अनुवंशिकच आहे’ म्हणून सगळे पुन्हा मूळ पदावर.

यात भाकरीचा दोष नाही. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं (पचल्यावर ज्याची साखर होते तो भाग) असतात, ज्वारीत ७०च्या आसपास. ज्वारीत तंतू जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे खरं. पण दोन वाट्या भाताच्या जागी दोन मोठ्या भाकऱ्या आल्या तर रक्तात उतरणारी साखर फारशी कमी होत नाही. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे २०२५मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष हेच सांगतात. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. त्यातला थोडा वाटा डाळी आणि दूधदुभत्यातल्या प्रथिनांना दिला, तेव्हा धोका कमी दिसला. म्हणजे कोणतं धान्य खायचं यापेक्षा किती धान्य खायचं आणि त्याच्या जागी काय वाढायचं, हा प्रश्न मोठा आहे.

शरीरात बिघडतं काय, तेही थोडक्यात पाहू. जेवणातून रक्तात आलेली साखर पेशींत, मुख्यतः स्नायूंत, शिरते ती इन्सुलिनच्या हुकमाने. यकृतात आणि पोटाच्या आत चरबी साठली, स्नायू बसून राहिले, की पेशी हा हुकूम ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड तेच काम करायला जास्त इन्सुलिन सोडतं. बरीच वर्षं असं निभावतं आणि शुगर नॉर्मल दिसते. स्वादुपिंड थकलं की आकडा चढायला लागतो.

सुरुवात टेपने करा, तराजूने नव्हे

बारीक दिसणाऱ्यांनी हा भाग सोडू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे पण शर्टाच्या बटणांवर ताण, हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा वजनकाट्यावर कळत नाही.

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप लावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८०च्या वर घेर असेल तर ती धोक्याची खूण समजा. सोबत रक्ताच्या तपासण्या: उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी) ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहाची पूर्वावस्था. रक्तातल्या चरबीची तपासणी, म्हणजे लिपिड प्रोफाइलही काढा. ट्रायग्लिसराइड्स १५०च्या वर आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी (पुरुषांत ४०च्या, स्त्रियांत ५०च्या खाली) ही जोडी बहुतेक वेळा इन्सुलिनच्या तक्रारीकडेच बोट दाखवते.

इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर पुढचं काहीही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय करू नका. जेवणातलं पीठ कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाते. किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आहार तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्या.

मग पीठ मोजा

दोनचार दिवस जेवणात काहीही बदल न करता फक्त लिहून ठेवा. पीठ मळण्याआधी काट्यावर ठेवा. घरोघरी भाकरीचा आकार वेगळा, त्यामुळे ‘दोनच भाकऱ्या खातो’ याला काही अर्थ नाही. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. अशा दोन भाकऱ्या, वर वाटीभर भात आणि बटाट्याची भाजी म्हणजे एकाच बैठकीत सव्वाशे ग्रॅमचा भरणा. ‘पोळीनंतर भात हवाच’ ही सवय इथे पकडली जाते. एका जेवणात एकच धान्य ठेवा: भात किंवा भाकरी. आणि आजवर खात होता त्याच्या दोनतृतीयांशापासून सुरुवात करा. एकदम निम्मं केलं तर रात्री अकराला चिवड्याचा डबा उघडतोच.

चहाचाही हिशेब धरा. दिवसाचे चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेली बरी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गूळ आणि मध ही साखरच. त्यांना वेगळा न्याय देण्याचं कारण नाही.

वरण घट्ट करा

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि याकडेच कोणी बघत नाही. आपल्या घरांत वरण पळीतून धार लागेल इतकं पातळ असतं. वाटीभर वरणात १५-२० ग्रॅम डाळ, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम प्रथिनं. तेवढ्याने पोट भरत नाही, आणि उरलेली भूक आपण पोळीने भागवतो.

प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. ती जमवायला परदेशी पावडर लागत नाही. कोरडी मटकी, चवळी किंवा मूग ३५ ग्रॅम घेऊन केलेल्या घट्ट उसळीतून आठेक ग्रॅम मिळतात. अशी उसळ दोन्ही वेळा. दोन अंडी बारा ग्रॅम. २०० ग्रॅम दही सहा-सात, मूठभर शेंगदाणे सहा, आणि १२० ग्रॅम पिठातून आणखी बारा. झाले पन्नास. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम सोयावडीतून तेरा ग्रॅम येतात. कोकणात कुळथाचं पिठलं आहे, देशावर बेसनाचं आहे. फक्त ते भाकरीला चोपडण्यापुरतं न करता वाटीभर वाढा. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं: बांगडा तव्यावर थोड्या तेलात, आणि भात निम्मा.

न्याहारीला कांदेपोहे हवेत तर जाड पोहे निम्मे आणि मोड आलेली मटकी निम्मी असं करून बघा, वर लिंबू पिळा. मूगडाळीची धिरडी त्याहून बरी. चहाबरोबर खारी-बिस्किट ही न्याहारी नव्हे.

ताटाची डावी बाजू आधी

पारंपरिक ताटात डावीकडे कोशिंबीर असते, चमचाभर, शोभेपुरती. ती मोठी वाटी करा आणि जेवणाची सुरुवात तिच्यापासून करा. मग भाजी-उसळ, आणि शेवटी भाकरी किंवा भात. तेच पदार्थ या क्रमाने खाल्ले तर जेवणानंतरची शुगर कमी चढते, असं प्रयोगांत दिसलं आहे. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेल्याने पुढचं पीठ सावकाश उतरतं. कालवून खाणाऱ्यांना हे जड जाईल, पण निदान पहिली पाच मिनिटं भाकरीला हात लावू नका.

जेवल्यावर शतपावली. शंभर पावलांत मात्र काही होत नाही. दहा-पंधरा मिनिटं चाला. चालणारा स्नायू फारसं इन्सुलिन न मागताही साखर ओढून घेतो. रात्रीच्या जेवणानंतर हे सगळ्यात गरजेचं, कारण त्यानंतर आपण थेट आडवे होतो.

दर दोन तासांनी खावं की दिवसातून दोनदाच, यावर महाराष्ट्रात घराघरांत भांडणं झाली आहेत. दोन जेवणांमध्ये काही गोड किंवा पिठाचं जात नाही, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं. फळ चावून खा, रस नको. आमरसाच्या वाटीवर पुऱ्यांची चळत म्हणजे मात्र दोन जेवणं एकदम.

आणि उपवास. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, सोबतीला बटाटा. त्यापेक्षा थोडी वरई, वाटीभर दाट दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक घ्या. नाहीतर चक्क उपाशी राहा, औषध चालू नसेल तर.

तीन महिन्यांनी

एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे ते दर पंधरवड्याला काढून पैसे घालवू नका. कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजा. वजन जास्त असेल तर पाच ते सात टक्के उतरवण्याचं लक्ष्य ठेवा. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट होतं आणि त्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ट्रायग्लिसराइड्स बहुधा आधी उतरतात. घेर आणि ट्रायग्लिसराइड्स उतरले पण एचबीए१सी अडून बसलं, तर हिमोग्लोबिन तपासा: अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वर दिसू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतर दोन तासांच्या शुगरवरून डॉक्टरांशी बोला.