नाइन्थ कॉर्ड गढूळ वाजत होता, तो असा सुटला

गिटारवरच्या सी नाइन्थ कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) पाच स्वर: सी, ई, जी, बी फ्लॅट, डी. पाचही धरण्याचा हट्ट केला की बोटं अडकतात आणि आवाज गढूळ होतो. उपाय म्हणजे सीपासून मोजलेला पाचवा स्वर, जी, सोडणे. कॉर्डचा स्वभाव तिसरा (ई) आणि सातवा (बी फ्लॅट) स्वर ठरवतात. शुद्ध पंचम गेल्याने फारसं बिघडत नाही.

पांढरी एक सा मानली तर उरतात सा, शुद्ध ग, कोमल नी आणि वरचा रे. बारीक तारेकडून मोजायचं: पाचव्या तारेवर तिसरा पडदा (मधलं बोट), चौथीवर दुसरा (तर्जनी), तिसरी आणि दुसरी दोन्हींवर तिसरा (अनामिका आडवी). सहावी तार मधल्या बोटाच्या टोकाने हलकेच अडवा.

आता गंमत. दुसऱ्या तारेवरचा स्वर करंगळीने चौथ्या पडद्यावर नेला की सी सेव्हन शार्प नाइन कॉर्ड: शुद्ध ग आणि वर कोमल ग एकत्र! हा कडवटपणा मला फार आवडतो. करंगळी थोडी सपाट ठेवून पहिली तार बंद करा. उलट, नाइन्थमध्ये चौथी तार पहिल्या पडद्यावर आणली की सी मायनर नाइन्थ.

एवढं करूनही बेसूर वाटलं तर कॉर्डला दोष देऊ नका. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं, तारा पडद्यापासून उंच होतात, जोरात दाबल्या की स्वर चढतो. पडद्याच्या अगदी जवळ, हलक्या हाताने दाबा.