दुःखाची कथामालिका लिहिताना आखाजीची खूण धरा

दुःख, आघात आणि सावरणं यांवर मोठी कथामालिका लिहिताय? मग दरवर्षी परत येणारा एक दिवस आधी ठरवा. खान्देशात तो आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. पितरांसाठी घागर भरायची, वर डांगर (खरबूज) ठेवायचं, आणि त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकींचे झोके. पहिल्या भागात आईला गेलेल्या मुलाच्या नावाची घागर भरवतच नाही. पाणी काठाशी येताच हात थांबतो. तिसऱ्यात ती भरते. चौथ्यात पुन्हा नाही. हे मुद्दाम ठेवा, माणूस सरळ रेषेत सावरत नाही (मला तर हाच भाग सगळ्यात खरा वाटतो). वहीत प्रत्येक पात्रासमोर, त्या दिवशी त्याचे हात काय करतात, एवढंच टिपा. मृत्यूचा प्रसंग मात्र एकदाच, थोडक्यात लिहा. पुढे नुसती ओट्यावरची रिकामी खाट दिसू द्या.